चौथं फडकं

लाँड्रीतल्या बाईंनी चादर फाडली आणि माझ्या काळजात चर्र झालं. तसं घाबरण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत हे रोजचंच आहे. चादर मधोमध विरली की तिची फडकी करायची. कडेला कात्रीने चीर द्यायची, दोन्ही हातांनी ओढायचं, टर्रकन आवाज होतो आणि एकाची दोन होतात. मी समोर बसून उशांचे अभ्रे मोजत होते. मोजत होते म्हणजे रचत होते. हल्ली मोजते म्हणायची मला चोरीच झाली आहे. तर तो आवाज कानात शिरला आणि हातातला अभ्रा हातातच राहिला. हाच आवाज मी घरी ऐकला होता, आमच्या गॅरेजमध्ये, नवऱ्याने गाडीचं इंजिन उघडलं त्या रविवारी. इंजिनाच्या चार भोकांत नट-वॉशर पडू नयेत म्हणून तो त्यांत फडकी कोंबत होता, मी दिवा धरून उभी होते, आणि शेवटच्या भोकाला फडकं कमी पडलं म्हणून त्याने हातातलंच एक टर्रकन फाडलं होतं. म्हणजे चार गेली. आणि संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा हत्यारांच्या पेटीवर तीनच पडली होती. आज इंजिन परत जोडून झाल्यावर तो पहिल्यांदा किल्ली फिरवणार होता. "काय हो सिस्टर, चेहरा का असा?" बाईंनी विचारलं. "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "मला आत्ताच्या आत्ता घरी जायला हवं," आणि अभ्रे तसेच टाकून निघाले.

फोन तो उचलत नव्हता. उचलणारही नाही, हात तेलाचे असले की त्याच्या लेखी फोन नावाची वस्तू जगात नसते. "तू आल्याशिवाय सुरू करणार नाही," असं सकाळी म्हणाला होता खरा, पण हा माणूस शब्दाचा पक्का आणि धीराचा कच्चा. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली तरी मी उभीच राहिले, जशी काही उभं राहिल्याने बस लवकर पोचणार होती. गाडी म्हणजे आमची धाकटी. हे नाव मुलीने ठेवलं. ती शिकायला परगावी गेली, घर खायला उठलं, आणि महिनाभरात यानं एक जुनी, लाल, दोन सीटांची, छप्पर मागे दुमडणारी स्पोर्ट्स कार दारात आणून उभी केली. दोन सीटांची! मी म्हटलं, पोरगी सुट्टीला आली की काय टपावर बसवणार? तर टपही नाही. मुलगी फोनवर हसून लोळली आणि तेव्हापासून दर वेळी आधी विचारते, "धाकटी कशी आहे?" मग माझी चौकशी. पंपांच्या कारखान्यात नकाशे काढण्यात याचा जन्म गेला. स्पोर्ट्स कारमध्ये बसलेला तो दिसतो कसा, तर शेजाऱ्याची गाडी जरा पुढे घेऊन देणाऱ्या सज्जन माणसासारखा. पण बसतो तेव्हा मान ताठ असते. मला आवडतं ते.

सुपरचार्जरचं खूळ घाटात लागलं. आम्ही दोघं बसून चढणीला निघालो आणि मागून एक विटांचा ट्रक आला, हॉर्न देऊन पुढे गेला. भरलेला ट्रक. हा ट्रक वळणाआड जाईपर्यंत त्याच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "दोघं बसलो की हिला दम लागतो." मी म्हटलं, "मी जाड झाले असं सरळ सांग ना." पण त्याच्या मनाला ते लागलं होतं. सुपरचार्जर म्हणजे काय, हे त्याने मला जेवणाच्या टेबलावर दोन वाट्या आणि एक चमचा घेऊन समजावलं: इंजिन स्वतःच्या ताकदीने जेवढी हवा ओढतं त्याहून जास्त हवा त्याच्यात कोंबणारा पंप. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनालाच जोर देतो. "पंपच आहे गं शेवटी," तो म्हणाला, "आणि पंप मला कळतात." डोळे असे चमकत होते की पुढे विचारायची सोय नव्हती. मग जुना मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाच्या भोकांत हवा नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, निघाला, नवा आला, पाइप आले, लांब पट्टा आला, आणि दर संध्याकाळी मला हाक यायची, "जरा येतेस का? तुझ्या बारीक हाताशिवाय खालचा नट लागत नाही." खालचा नट दिसत नाही, तो बोटांनी चाचपून लावावा लागतो. तो मीच लावायचे. याला तो लावता येत नव्हता असं नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी ऑपरेशन थिएटर सोडून कपड्यांच्या खोलीत बदली मागून घेतल्यापासून माझे हात रिकामे होते, आणि ते त्याला बघवत नव्हतं.

थिएटरमध्ये माझं काम मोजण्याचं. पोटात किती बोळे गेले, किती बाहेर आले. चिमटे किती, सुया किती. टाके घालण्याआधी मोठ्याने सांगायचं, सगळं बरोबर. मी सांगितल्याशिवाय कुणी पोट शिवत नसे, मग सर्जन कितीही नाकावर राग असलेला असो. आणि एक नियम अगदी पहिल्या दिवशी शिकवतात: बोळा कधी कापायचा नाही. लहान हवा असेल तर लहान मागा, पण एकाचे दोन करायचे नाहीत, कारण मग मोजणाऱ्याच्या डोक्यात एक आकडा असतो आणि पोटात दुसरा. घरी मात्र मोजायला बंदी आहे. लग्नानंतर मी चमचे मोजायचे, त्याच्या शर्टाची बटणं मोजायचे, पाहुणे उठले की कप मोजायचे, तेव्हा हा हात जोडून म्हणाला होता, "बाईसाहेब, घरात पोट शिवायचं नाहीये कुणाचं." ते मी पाळलं. मग मागच्या हिवाळ्यात असं झालं की मी म्हटलं, एक कमी आहे. सगळे थांबले. पुन्हा मोजलं, बादल्या उपसल्या, माणूस उघडा ठेवून एक्सरेचं यंत्र आत आणलं. आत काही नव्हतं. बोळे सगळे तिथेच होते, माझ्या समोर, मांडलेले; मीच एक गाळला होता. दोनदा गाळला होता. कुणी रागावलं नाही. एरवी हत्यारं भिरकावणारे मोठे सर्जन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शंका आली तर थांबवायलाच हवं, सिस्टर." त्यांचा तो मऊ आवाज ऐकला आणि मी बदलीचा अर्ज दिला. ओरडले असते तर मी आजही तिथे असते.

कारण तो मऊ आवाज मी ओळखते. तो मी स्वतः वापरला आहे, माझ्या आईशी. आईचं पहिल्यांदा काय गेलं? मला वाटतं, किल्ल्या. मग शब्द. किसणीला "ते खरखरीत" म्हणायची आणि स्वतःच हसायची. मग एकदा मी तिची वेणी घालत होते, तर आरशातून माझ्याकडे बघून अदबीने म्हणाली, "फार छान हात आहे हो तुमचा. तुम्ही कुणाच्या घरच्या?" तुमचा. तुम्ही. आईने मला उभ्या जन्मात अहो-जाहो केलं नव्हतं. मी म्हटलं, "इथलीच," आणि वेणी पुरी केली. माझं वय आता तिच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ आलं आहे. गेल्या आठवड्यात मला त्या चपट्या पिळाच्या स्क्रूचं नाव आठवेना, पण ते मला कधी येतच नव्हतं, असं मी मनाशी म्हटलं. बसचा दांडा धरून मी त्या रविवारचं सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आणत होते. चार भोकं, दिव्याचा उजेड, निळ्या रेघांचं कापड. जुन्या पलंगपोसाचं, मीच काढून दिलेलं. आवाज झाला होता ना? झाला होता. की आज ऐकलेला आवाजच घसरत जाऊन त्या रविवारला चिकटला? आईचंही असंच व्हायचं, काल पाहिलेलं पाखरू ती आपल्या लहानपणातल्या झाडावर नेऊन बसवायची, आणि तिला ते तिथे दिसायचं, अगदी पंखासकट. मी मनात ते चौथं फडकं बघायला गेले की ते दिसायचं. बघायला नाही गेले की नसायचं. फडकं आत राहिलं असेल तर इंजिन ते ओढून घेणार, झडपा वाकणार, धाकटीचा जीव जाणार. आणि आत नसेल तर मग मी काय होते? खरं सांगायचं तर बसमध्ये मी गाडीची काळजी करत नव्हते.

गल्लीच्या तोंडापासूनच मी कान देऊन चालले. इंजिनाचा आवाज नव्हता. गॅरेजचं दार उघडं होतं आणि हा उलट्या खोक्यावर बसला होता, धुतलेला शर्ट घालून, केस ओले करून विंचरून. मला बघायला आला होता तेव्हा असाच बसला होता, खुर्चीच्या कडेवर. बॉनेट उघडं होतं. जिथे आधी काळपट नळ्यांचा गुंता होता तिथे आता तो चांदीसारखा पंप बसला होता आणि त्यावरून पट्टा नवाकोरा फिरवलेला. माझ्या बाजूची सीट पुसून ठेवली होती. किल्ली त्याच्या मुठीत होती. "लवकर आलीस!" तो उठलाच. "म्हटलं नव्हतं, थांबेन म्हणून? चल बस. नाही, आधी इथे उभी राहा, आवाज इथून छान—"

"किल्ली दे," मी म्हटलं.

"का गं?"

"फडकी किती घातली होतीस?"

तो आधी हसला. "घरात मोजायचं नाही असं ठरलंय."

"सांग ना."

"तीन. कपाटातून तीन आणली होती, तीनच काढली. तूच धुतलीस की."

"चौथ्या भोकाला?"

"चौथ्याला चिकटपट्टी लावली होती. निळी." इतक्या सहज म्हणाला की मला ती चिकटपट्टीही दिसली.

"तू एक फाडलंस," मी म्हटलं. "कमी पडलं म्हणून. मी दिवा धरला होता. आवाज आला फाडल्याचा." माझा आवाज माझ्याच कानाला पातळ लागत होता. "निदान मला तरी वाटतं की आला."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने बघितलं असतं तर चाललं असतं, वैतागला असता, "आता हे सगळं परत उघडू का मी?" म्हणाला असता तर मी कंबर कसून भांडले असते. त्याच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. आरशातून आईकडे बघताना माझा चेहरा असा होत असणार. मग तो म्हणाला, "बरं." एवढंच. शर्टाची बटणं काढली, शर्ट घडी करून माझ्या पुसलेल्या सीटवर ठेवला, मळका कोट चढवला आणि पाना घेतला.

आधी पट्टा निघाला. मग पाण्याचे पाइप, खाली बादली. मग तारा, त्याने कागदाच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या. मग तो जड पंप, जो आम्ही दोघांनी मिळून बसवला होता आणि आता दोघांनी मिळून उचलला, बाळ पाळण्यातून उचलावं तसा, बुडाला हात देऊन. सांध्यात घातलेलं नवं गॅसकेट चिकटून बसलं होतं, ते फाटलं; ते आता पुन्हा मागवावं लागणार होतं. तो मात्र उलट शीळ घालत होता. मला ती शीळ सहन होत नव्हती. मी म्हटलं, "शिव्या दे की जरा." म्हणाला, "कुणाला? नटाला?" खालच्या नटापाशी आला तेव्हा नेहमीसारखं, "तुझा हात दे," म्हणाला आणि मी बोटं आत घातली. नट गार होता. मीच घट्ट आवळलेला, निघता निघेना. संध्याकाळचं ऊन दारातून लांबट आत आलं होतं, पलीकडच्या घरात कुणीतरी पोराला अंघोळीला बोलवत होतं, आणि मला वाटलं, आपण हे असंच करत राहावं, कधी पूर्ण काढूच नये; नट अर्धा निघालेला असावा, याने शीळ घालावी, मी दिवा धरावा. आत काय आहे ते कुणाला कळायला नको.

शेवटचे दोन नट राहिले तेव्हा हा म्हणाला, "छोटा पाना घरात राहिला वाटतं," आणि आत जाऊन आला. पाना आणला. पण डावा हात कोटाच्या खिशात. आता नवऱ्याला इतकी वर्षं झाली माझ्याबरोबर, तरी त्याला एक गोष्ट उमगलेली नाही की मी थिएटरमध्ये माणसांच्या तोंडाकडे कधी बघितलंच नाही. तोंडं झाकलेली असतात. मी हात बघते.

"खिशात काय आहे?"

"कुठे काय?"

"हात बाहेर काढ."

काढला. निळ्या रेघांच्या कापडाचा तुकडा, चुरगळलेला, तेलात बुचकळून काळा केलेला. वरून जरा माती की काय तीही चोळली होती. त्याने तो भोकाशी हात नेऊन काढल्यासारखा काढला असता, "अरे, हे बघ! तुझंच खरं!" म्हणाला असता, आणि मी आयुष्यभर त्या फडक्याच्या आधारावर जगले असते. तो कानापर्यंत लाल झाला होता. मला हसू फुटलं. मला इतकं हसू आलं की दिवा हातात हलायला लागला आणि भिंतीवर आमच्या सावल्या नाचू लागल्या. मग तोही हसला, ओशाळं, पाठमोरा होत, आणि हसता हसता माझं रडू केव्हा सुरू झालं ते मला कळलं नाही.

"माती कशाला चोळलीस रे?" मी म्हटलं. "इंजिनात माती असते का?"

"घाईत सुचलं ते केलं."

"मला खोटं फडकं नको," मी म्हटलं. "नसलं तर नाही म्हण. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. नसलं तर आपण डॉक्टरांकडे जाऊ, जे असेल ते विचारू, आणि मला भीती वाटते, फार भीती वाटते, पण खोटं नको. आईला आम्ही सगळे खोटंच सांगत होतो. तिला ते कळायचं. आणि आता तू भोकाजवळ हात न्यायचा नाहीस. मी बघणार."

तो बाजूला झाला. मॅनिफोल्ड सुटला, त्याने तो उचलून जमिनीवर ठेवला, आणि चार काळी लांबट भोकं उघडी पडली. मी बांगडी काढली, बाही वर केली. दिवा त्याने धरला. पहिलं भोक: गुळगुळीत, गार, बोटाला तेलाचा पातळ थर. दुसरं तसंच. तिसऱ्यात मी उगाच जास्त वेळ बोट फिरवलं. चौथ्यात बोट घातलं आणि आत काहीच नव्हतं. नुसती गुळगुळीत भिंत, आणि भिंतीपलीकडे पोकळी. चिकटपट्टीचा चिकटपणासुद्धा कडेला बोटाला लागला, किंवा लागला असं वाटलं. त्याने माझं मनगट धरलं. "राहू दे गं," तो म्हणाला. त्याच मऊ आवाजात. "ये. राहू दे आता." मला एकाएकी फार थकल्यासारखं झालं आणि मी हात बाहेर काढणारच होते. पण थिएटरमधला हात असा निघत नाही. तो आपोआप शेवटचा एक वळसा घेतो, अवयवाच्या मागे, जिथे दिसत नाही तिथे. भोक पुढे जाऊन खाली वळतं. मी मनगट फिरवलं, खांदा बॉनेटच्या कडेला टेकवला, मधलं बोट जाईल तेवढं खाली घातलं, आणि बोटाच्या शेंड्याला धागा लागला.

एक सुटा धागा. फाटलेल्या कडेचा. "लांब चिमटा," मी म्हटलं आणि हात मागे केला, न बघता, आणि त्याने बारीक तोंडाची पक्कड माझ्या पंजात बरोबर ठेवली. कापड सहज येत नव्हतं. मी ते हिसकलं नाही. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडवत ओढलं आणि ते आलं, पेट्रोलचा वास मारत, ओलं, आतल्या बाजूला काजळीचा काळा गोल उमटलेलं. खालच्या निळ्या रेघा काजळीतून दिसत होत्या. मी ते त्याच्या तळहातावर ठेवलं.

 मग त्याने हत्यारांच्या पेटीतून बाकीची तीन काढली, धुतलेली, आणि एकेकाची कड या कापडाच्या कडेला लावून बघायला लागला, नकाशावर पट्टी लावतो तसा डोळे बारीक करून. तिसऱ्याची जुळली. रेघेला रेघ मिळाली. "मी फाडलं," तो म्हणाला. "मी फाडलं होतं! आणि विसरलो. अगं, मी साफ विसरलो. चिकटपट्टी मी दुसरीकडेच लावली होती, पंपाच्या त्या मोठ्या तोंडाला! मी गाढव आहे. इंजिन गेलं असतं माझ्या हातून!" एवढ्या आनंदाने स्वतःला गाढव म्हणणारा माणूस मी पाहिला नाही. दोन्ही हातांत दोन फडकी धरून तो गॅरेजभर फिरत होता, बादलीला लाथ लागून पाणी सांडलं तरी, "विसरलो, मीच विसरलो," म्हणत होता, आणि मग तो त्या सांडलेल्या पाण्यातच मटकन खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. मोठ्याने. सासूबाई गेल्या तेव्हाही तो असा रडला नव्हता.

मी दिवा खाली ठेवला. एक फडकं सापडलं म्हणून काही डोकं शाबूत ठरत नाही, हे मला कळतं. हिवाळ्यातला तो बोळा मी दोनदा गाळलाच होता आणि डॉक्टरांकडे तरीही जायला हवं होतं. पण आत्ता माझ्या मनात ते नव्हतं. मी त्या रडणाऱ्या पाठीकडे बघत होते आणि मला उलगडत होतं की इतके महिने हा रोज रात्री माझ्या शेजारी झोपून काय धरून बसला होता. मी एकटीच घाबरले आहे असं मी समजत होते. खिशातलं ते फडकं त्याने तेलात बुडवलं, कारण आत काही नाही याची त्याला खात्री होती.

मी त्याच्या शेजारी ओल्या जमिनीवर बसले. "तुला वाटत होतं ना, की माझं डोकं चाललंय म्हणून?"

"हो," तो म्हणाला. नाक कोटाच्या बाहीला पुसलं, सगळीकडे काळं झालं.

"माझ्यावर भरवसा नव्हता?"

"नव्हता गं."

"मग एवढं सगळं उघडलंस कशाला?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी अगदीच बावळट प्रश्न विचारला होता.

"तू म्हणालीस ना," तो म्हणाला.